अटी कोणी घातल्या?

आंतरराष्ट्रीय वैद्यकीय भागीदारी म्हटलं, की माझ्या मनात सर्वांत आधी कानोचं नाव यायचं. उत्तर नायजेरियातलं हे जुनं व्यापारी शहर. १९९६ साली तिथे मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाची, भीषण साथ आली. सरकारी संसर्गजन्य रुग्णालयात आजारी लेकरांची रीघ लागली होती. एकीकडे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'चे लोक पारखलेल्या औषधाने उपचार करत होते, आणि दुसरीकडे फायझर या अमेरिकन कंपनीचं पथक ट्रोव्हान नावाचं नवं प्रतिजैविक मुलांवर तपासून पाहत होतं. २०० मुलं निवडली गेली. निम्म्यांना नवं औषध दिलं, निम्म्यांना तुलनेसाठी आधीचं. त्यांतली ११ दगावली. आपल्या मुलावर चाचणी चालली आहे हे आईबापांना कळलं होतं का, त्यांची संमती घेतली होती का, यावर पुढे वर्षानुवर्षं खटले चालले. कंपनीने आरोप नाकारले, मृत्यू रोगामुळेच झाले असं सांगितलं, आणि २००९ मध्ये कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरचा समझोता केला.

मी वैद्यकीय महाविद्यालयात पी.एस.एम., म्हणजे प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवत आले. वैद्यकीय नीतीच्या तासाला कानो ठरलेलं असायचं. त्याला जोडून मी २००३ सालही सांगायचे. त्या वर्षी कानोने पोलिओचे डोस घ्यायला नकार दिला. बाहेरून आलेल्या औषधावर तिथल्या माणसांचा विश्वासच उरला नव्हता, आणि त्या अविश्वासाला ट्रोव्हानच्या आठवणीचं खतपाणी होतं. लसीकरण थांबलं आणि तिथला पोलिओचा विषाणू एकामागून एक देश ओलांडत थेट इंडोनेशियापर्यंत पोहोचला. एका शहरात माणसांशी नीट न वागण्याची किंमत जगाच्या दुसऱ्या टोकाची मुलं भरतात, हे विद्यार्थ्यांना याहून स्पष्ट कशाने दाखवणार?

पण माझं मत केवळ कानोवर बेतलेलं नव्हतं. आमच्या भागातल्या एका रुग्णालयाला परदेशातून भेट आलेली यंत्रं मी पाहिली होती. ११० व्होल्टवर चालणारी, सुटे भाग इथे न मिळणारी, सोबत आलेली रसायनं संपली की कायमची बंद पडणारी. तुम्हाला काय हवंय, हे त्या रुग्णालयाला कुणी विचारलेलंच नव्हतं. संशोधनाचे प्रकल्प यायचे तेही तसेच. आमच्या नर्सताई उन्हातान्हात गावं पालथी घालून रक्ताचे नमुने गोळा करायच्या, नमुने बर्फात घालून परदेशी रवाना व्हायचे, आणि वर्षा-दोन वर्षांनी निबंध छापून यायचा तेव्हा आमच्या डॉक्टरांची नावं शेवटी आभारात असायची. ज्यांनी हात पुढे करून रक्त दिलं, त्यांना निष्कर्ष सांगायला कुणी परत फिरकत नसे.

मग खम्मम घडलं. २००९ मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला हजारो मुलींना एचपीव्हीची लस टोचण्यात आली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी ही लस त्या काळी बाजारात एका डोसला हजारो रुपये पडणारी. प्रकल्प 'पाथ' या अमेरिकन संस्थेचा, पैसा गेट्स फाउंडेशनचा, लशी कंपन्यांनी दिलेल्या. खम्ममच्या अनेक मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. कित्येकींच्या संमतीपत्रावर आईवडिलांऐवजी वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांची सही होती. सात मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लशीशी संबंध नसल्याचं चौकशीत निघालं, पण एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला, आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर अत्यंत कडक शब्दांत अहवाल दिला. मी त्या लशीच्या विरोधात कधीच नव्हते. गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका शेवटच्या अवस्थेत रुग्णालयात येतात तेव्हा काय होतं, ते मी पाहिलंय. माझा राग होता तो मुलीच्या आईला विचारण्याचीही गरज न वाटण्यावर.

एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना माझं मत ठाम झालं होतं. गरीब देशांनी श्रीमंत देशांशी आरोग्याच्या बाबतीत व्यवहार ठेवावा तो रोखीचा. औषध हवंय, पैसे मोजा, घ्या. भागीदारी नको, कारण भागीदारीत बळकटाचं चालतं आणि दुबळ्याला वर उपकाराचं ओझंही वाहावं लागतं. वर्गात, परिषदेत, लेखांतून मी हेच मांडत राहिले.

या मताला पहिला धक्का बसला तो आफ्रिकेच्या मेनिंजायटिसच्याच लशीमुळे, आणि ती लस पुण्याची, हडपसरची निघाली. माझ्या एका विद्यार्थिनीने सेमिनारसाठी मेनआफ्रिव्हॅक ही लस विषय म्हणून घेतली. यातही कुठेतरी पाणी मुरत असणार, अशी खात्री बाळगूनच मी मुळापासून वाचायला बसले.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, सहाराच्या दक्षिणेला आडवा पसरलेला २६ देशांचा एक पट्टा आहे. डिसेंबरपासून पाऊस सुरू होईपर्यंत तिथे कोरडे, धुळीचे वारे वाहतात, आणि त्या महिन्यांत मेनिंजायटिस डोकं वर काढतो. १९९६-९७ची साथ, म्हणजे कानो जिच्या तोंडी सापडलं तीच, नोंदल्या गेलेल्या साथींत सर्वांत मोठी. अडीच लाखांहून जास्त रुग्ण आणि २५,००० मृत्यू. उपचार मिळूनही दहातला एक जातो. वाचलेल्यांपैकी अनेकांची श्रवणशक्ती जाते, मुलं मतिमंद होतात, फिट्स येत राहतात. या मोठ्या साथी मुख्यतः एकाच जंतूच्या होत्या, मेनिंगोकोकसच्या 'अ' गटाच्या. त्यावरची जुनी लस होती, पण तिचा परिणाम थोडाच काळ टिके, दोन वर्षांखालच्या बाळांवर ती चालत नसे, आणि घशात जंतू वागवणाऱ्या माणसांकडून होणारा फैलावही ती थांबवू शकत नसे. त्यामुळे साथ सुरू झाली की धावत जाऊन टोचायचं, आणि पोहोचेपर्यंत माणसं गेलेली असायची.

याला उत्तर विज्ञानाकडे होतं. जंतूच्या बाहेरच्या शर्करेच्या आवरणाला धनुर्वाताच्या टॉक्सॉइडसारखं प्रथिन जोडलं, की शरीर ती ओळख दीर्घकाळ लक्षात ठेवतं, तान्ह्यांतही प्रतिकारशक्ती येते आणि घशातला जंतूही हटतो. अशा लशीला कॉन्जुगेट लस म्हणतात. ब्रिटनने १९९९ मध्ये 'क' गटासाठी ती आपल्या मुलांना द्यायला सुरुवातही केली होती. आफ्रिकेच्या 'अ' गटासाठी ती बनवायला कुणी तयार नव्हतं, कारण ज्यांना हवी त्यांच्याकडे पैसे नव्हते.

२००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने सात कोटी डॉलर दिले आणि पाथ व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून मेनिंजायटिस लस प्रकल्प उभा केला. त्याचे प्रमुख मार्क लाफोर्स. इथपर्यंत वाचताना माझ्या भुवया चढलेल्याच होत्या. पैसा तोच, संस्थाही तीच. पण पुढे लाफोर्स यांनी जे केलं ते मी अशा प्रकल्पांत क्वचितच पाहिलं होतं. लस कशी हवी हे ठरवण्याआधी ते आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेले आणि त्यांना विचारलं. उत्तर रोखठोक आलं: डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत हवी. आम्हाला पेलणार नाही अशी लस आणू नका, त्यापेक्षा लस नसलेली परवडली, अशा अर्थाचं बोलणं नायजरच्या आरोग्य खात्यातल्या अधिकाऱ्याने केलं.

मी तिथेच थांबून बराच वेळ विचार करत राहिले. घेणाऱ्याने किंमत सांगितली होती, आणि लस घडवायच्या आधी सांगितली होती.

बड्या कंपन्यांशी बोलणी झाली, पण त्या भावात कुणी तयार होईना. मग लाफोर्स यांनी कामाचे तुकडे पाडले. शर्करेचं आवरण ॲमस्टरडॅमच्या सिन्को या कंपनीकडून घ्यायचं. ते प्रथिनाला जोडण्याचं तंत्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या बेथेस्डातल्या सरकारी प्रयोगशाळेत दोन शास्त्रज्ञांनी विकसित केलं होतं, त्याचा परवाना मिळवायचा. आणि लस बनवायची पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने, जिच्याकडे धनुर्वाताचं टॉक्सॉइड बनवण्याचा हातखंडा होता. सीरमच्या शास्त्रज्ञांनी बेथेस्डाला जाऊन ते तंत्र त्या दोघांच्या हाताखाली शिकून घेतलं. शर्करेचं आवरण बनवण्याची रीतही पुढे पुण्यात आली. चाचण्या माली, गाम्बिया, सेनेगल, घाना आणि भारत इथे झाल्या. मालीत त्या बामाकोच्या लस विकास केंद्राने केल्या. हे केंद्रही मालीचं आरोग्य खातं आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांच्या भागीदारीतून उभं राहिलेलं. तिथले संशोधक साम्बा सो पुढे त्या देशाचे आरोग्यमंत्री झाले. डिसेंबर २००९ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी या लशीला परवाना दिला, आपल्या देशासाठी न बनवलेल्या लशीला, कारण बनवणाऱ्या देशाच्या परवान्याशिवाय जागतिक आरोग्य संघटना पुढे जाऊ शकत नव्हती. डोसची किंमत पडली ४० सेंट. त्या वेळच्या हिशेबाने अठरा-एकोणीस रुपये.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत मोहिमेला सुरुवात झाली. एक ते २९ वर्षं वयाच्या १ कोटी १० लाखांहून जास्त लोकांना दहा दिवसांत लस टोचून झाली. पल्स पोलिओच्या बूथवर ज्यांनी काम केलंय त्यांना हा आवाका कळेल. चाडमध्ये लस दिलेल्या भागात पुढच्या हंगामात मेनिंजायटिसचं प्रमाण ९४ टक्क्यांनी खाली आलेलं दिसलं. २०१२ मध्ये या लशीला चार दिवसांपर्यंत ४० अंश तापमानात नेण्याची मुभा मिळाली आणि बेनिनच्या गावांत ती बर्फाच्या पेटीशिवाय पोहोचली. आमच्या नंदुरबार-गडचिरोलीत कोल्ड चेन सांभाळताना आरोग्यसेविकांच्या जिवाला लागणारा घोर ज्यांनी पाहिलाय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. आजवर ३० कोटींहून जास्त लोकांनी ही लस घेतली आहे. २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'अ' गटाचा एकही खात्रीशीर रुग्ण आढळलेला नाही.

सेमिनार संपल्यावर त्या विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, पाथ म्हणजे खम्ममवालेच ना?" मी हो म्हटलं. "मग ते चांगले की वाईट?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या क्षणी देता आलं नाही, आणि ते शोधता शोधताच माझं मत फिरलं. बुर्किना फासोतली मोहीम आणि खम्ममचा थांबवलेला प्रकल्प एकाच वर्षातले. एकीकडे शिक्षकाच्या सहीवर मुलींना टोचलं गेलं, दुसरीकडे देशांनी सांगितलेल्या किमतीत लस घडवली गेली. संस्था एक, पैसा एक. तेव्हा माणसांच्या किंवा संस्थांच्या चांगुलपणावरून भागीदारीची पारख करण्यात अर्थ नाही. अटी कोणी घातल्या, हे पाहायचं. किंमत कोणी ठरवली, ज्ञान करार संपल्यावर कुणाच्या हातात राहिलं, आणि ज्याच्या दंडात सुई जाणार आहे त्याला कधी विचारलं, आधी की नंतर. या प्रश्नांची उत्तरं दुबळ्याच्या बाजूने देता येत असतील, तर श्रीमंतांचा पैसा आणि विज्ञान घ्यायला मी आता 'नको' म्हणत नाही. उलट, दूर राहण्याची जी भूमिका मी इतकी वर्षं मांडली, तीच पाळली गेली असती तर ही लस झालीच नसती. कारण रोखीच्या व्यवहारात ४० सेंटच्या लशीला कुणीही उभं केलं नसतं. बाजार तर १९९९ मध्येही होता.

माझं मन इथेच स्थिरावलं असतं तर हा लेख सुखाचा झाला असता. पण २०२१ आलं.

कोविडच्या लशी गरीब देशांना मिळाव्यात म्हणून उभ्या केलेल्या कोव्हॅक्स योजनेची भिस्त सगळ्यांत जास्त पुण्यावर होती. मार्चच्या अखेरीस आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि भारताने लशींची निर्यात थांबवली. ती पुन्हा सुरू झाली नोव्हेंबरमध्ये. त्या उन्हाळ्यात पुण्यातल्या केंद्रांबाहेर 'आज लस उपलब्ध नाही' असे फलक लागत होते, ऑक्सिजनसाठी लोक वणवण फिरत होते, माझ्याच ओळखीतली माणसं रोज जात होती. निर्यात थांबवायलाच हवी, असं मलाही तेव्हा वाटत होतं, आणि आजही तो निर्णय समजून घेता येतो. पण त्याच महिन्यांत आफ्रिकेतल्या ज्या नर्सेस आणि डॉक्टरांनी पहिला डोस घेतला होता, ते दुसऱ्याची वाट पाहत होते. २०२१ संपताना त्या खंडातल्या दहा टक्के लोकांचेही दोन डोस पुरे झाले नव्हते. आफ्रिका वापरते त्यातल्या जेमतेम एक टक्का लशी आफ्रिकेत बनतात. बाकी सगळ्या बाहेरून येतात, आणि बाहेरच्याला स्वतःची अडचण आली की दार लागतं. या वेळी दार लावणारे आपण होतो.

म्हणजे अटी ठरवण्याचा अधिकार कागदावर मिळून भागत नाही. कारखाना दुसऱ्याच्या दारात असेल तर संकटाच्या दिवशी तो अधिकार कुचकामी ठरतो. मेनआफ्रिव्हॅकच्या वेळी हे जाणवलं नाही, कारण त्या रोगाची साथ पुण्यात नव्हती.

पाच गटांवर चालणारी मेनिंजायटिसची नवी लसही सीरम आणि पाथ यांनीच मिळून बनवली आहे. 'अ' गट हटल्यावर नायजर, नायजेरियात 'क' गटाच्या मोठ्या साथी आल्या, त्यामुळे तिची निकड होतीच. २०२४ मध्ये नायजेरियाने ती जगात पहिल्यांदा मोहिमेत वापरली, त्यात कानोला लागून असलेलं जिगावा राज्यही होतं. मला मनापासून आनंद झाला. पण तिची किंमत ४० सेंट नाही, सुमारे तीन डॉलर आहे. ती पाच लशींचं काम करते हे खरं, आणि 'गावी' ही आंतरराष्ट्रीय लस-आघाडी बराचसा भार उचलते हेही खरं. तरीही मदतीचा तो ओघ आटला तर बुर्किना फासो किंवा नायजर ती स्वतःच्या पैशाने घेऊ शकतील का, हा लाफोर्स यांना मिळालेल्या उत्तरातला प्रश्न पुन्हा तिथेच उभा राहतो.

आफ्रिकेचे देश आता स्वतः हालचाल करत आहेत. २०४० पर्यंत आपल्याला लागणाऱ्या लशींपैकी ६० टक्के आपल्याच भूमीवर बनवायच्या, असं लक्ष्य आफ्रिकन युनियनने ठेवलंय. केपटाऊनला जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याने आफ्रिजेन या कंपनीत एमआरएनए तंत्राचं केंद्र सुरू झालं. मॉडर्ना या अमेरिकन कंपनीने आपलं तंत्र दिलं नाही, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध झालेल्या माहितीवरून कोविड लशीचा नमुना स्वतः तयार केला. डाकारचं पाश्चर इन्स्टिट्यूट पिवळ्या तापाची लस कित्येक दशकं बनवतंय. या देशांना आता हवेत ते हात धरून शिकवणारे लोक: किण्वनाच्या टाक्या कशा चालवायच्या, एखादी बॅच का बिघडते, नियामकांची तपासणी कशी पार पाडायची, हे सांगणारे. हे पुस्तकातून येत नाही. बेथेस्डाच्या प्रयोगशाळेत पुण्याचे शास्त्रज्ञ जे शिकले तेही पुस्तकातून आलं नव्हतं.

म्हणून माझं आजचं म्हणणं पुण्याला उद्देशून आहे. एका सरकारी प्रयोगशाळेने परवाना दिला, शिकवलं, आणि त्यावर आपण एका खंडाची लस बनवली. तेच तंत्र आता डाकार, केपटाऊन, लागोसला शिकवायला पुण्याने पुढे व्हावं. कंपनीला यात धंद्याचा तोटा दिसेल, तर तो भरून काढायला भारत सरकारने मदत करावी. लशींवरचे बौद्धिक संपदेचे नियम शिथिल करा, अशी मागणी ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दक्षिण आफ्रिकेसोबत भारतानेच केली होती. जे आपण श्रीमंत देशांकडे मागितलं, ते आपल्याकडे मागायला आलेल्यांना द्यावं. आमच्या महाविद्यालयांतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांनी तिकडे शिकवायला जावं, तिकडच्या मुलांना इथल्या प्रयोगशाळांत जागा मिळावी, आणि करार करताना पहिला मसुदा त्यांना लिहू द्यावा.